डावीकडे जरा उंच

"आ कर. अजून. अगं, एवढासा आ करून कसं चालेल ताई? मला माप घ्यायचंय, औषधाचा थेंब नाही सोडायचा!"

ताईने आ केला. कवळीवाल्याने गुलाबी लगद्याने भरलेला साचा तिच्या वरच्या हिरडीवर दाबून धरला आणि खुर्चीमागे उभा राहून तो बोलायला लागला. माप घेताना समोरच्याला बोलता येत नाही, ही या धंद्यातली मोठी सोय. एरवी या बहिणीशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं.

"तर मी काय सांगत होतो, तुमच्याकडे कवळीसाठी दोन वर्षं थांबलीस. दोन वर्षं! इथे माणूस सोमवारी जातो आणि शनिवारी दाणे खातो."

"ऊं," ताई म्हणाली.

"फुकट मिळाली, माहितीये मला. पण मिळून ती असते कुठे? पर्समध्ये!"

हे मात्र खरं होतं. तिकडच्या सरकारी कारखान्यात कवळ्या तीनच मापांच्या निघत. ताईच्या वाट्याला मधलं माप आलं होतं आणि तिची हिरडी काही मधली नव्हती. ती कवळी रुमालात गुंडाळून पर्समध्ये असे. फोटो काढायचा असला किंवा कुणा साहेबापुढे उभं राहायचं असलं की ताई ती घाली आणि जेवायची वेळ झाली की काढून ठेवी.

लगदा घट्ट झाल्यावर त्याने साचा काढला. ताईने चूळ भरली, तोंड पुसलं आणि आधी काय केलं असेल तर राहिलेलं उत्तर दिलं.

"दोन वर्षं थांबले, पण रांगेत माझ्यापुढे कारखान्याचा मॅनेजर होता, समजलं? तोही थांबला. तुमच्याकडे मॅनेजर थांबतो का रे छोट्या?"

छोट्याचं वय आता चौसष्ट होतं. पण या जगात त्याला छोट्या म्हणणारं एवढं एकच माणूस उरलं होतं, त्यामुळे त्याला ते ऐकायला बरं वाटलं.

ताई लग्न होऊन पलीकडे गेली तेव्हा पलीकडे म्हणजे फक्त नदीवरच्या पुलाचं दुसरं टोक होतं. पुढे तिकडचं सरकार बदललं आणि सगळी रीतच बदलली. घरं, दुकानं, कारखाने सगळं सरकारचं झालं. पुलावर फाटक बसलं. येणंजाणं बंद झालं आणि उरला तो महिन्यातून एकदा येणारा फोन. त्या फोनवर भावाबहिणीने काय बोलावं? तब्येतीचं एक वाक्य व्हायचं आणि मग "आमच्याकडे" आणि "तुमच्याकडे" सुरू व्हायचं. आमच्याकडे घराला भाडं नाही. आमच्याकडे हवं ते घर घेता येतं. आमच्याकडे शाळा फुकट. आमच्याकडे दहा प्रकारच्या शाळा. कवळीवाल्याला मूलबाळ नव्हतं, तरी शाळांच्या बाबतीत तो कधी माघार घेत नसे.

तेही बरंच होतं म्हणा. बायको गेल्यापासून तो कुणाशी तावातावाने बोलत असेल, तर महिन्यातून तेवढं एकदाच.

आता तिकडच्या सरकारने पेन्शनवाल्यांना पंधरा दिवसांची परवानगी द्यायला सुरुवात केली होती. ताईची एक मैत्रीण जामीन राहिली आणि ताई आली. पहिल्या संध्याकाळी टेबलावर दोन ताटल्या मांडताना कवळीवाल्याचे हात थबकले. हिने आता जाऊ नये, असं त्याला वाटलं. नुसतं वाटलं नाही, अगदी ओठांवर आलं. पण "राहा" म्हणणं म्हणजे मला तुझी गरज आहे असं म्हणणं, आणि तेवढं कबूल केलं की इतक्या वर्षांचा वाद आपण एका शब्दात हरलो. त्याने दोन्ही ताटल्यांत भात वाढला.

दुसऱ्या दिवशी ताईच बोलता बोलता म्हणाली, "उपचार चालू असले ना, तर तुमच्या इथल्या आमच्या कचेरीत जाऊन मुदत वाढवून मिळते म्हणे. दोन-दोन महिनेसुद्धा." आणि मग खिडकीबाहेर बघत राहिली. कवळीवाल्याच्या डोक्यात तेव्हाच चक्र सुरू झालं. "तुझी ती कवळी टाकून दे," तो म्हणाला, "मी नवी करतो."

आपण कामावर अजून फार महत्त्वाचे आहोत असं त्याने ताईला सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे मालकाने कवळ्या कोरणारं मशीन आणल्याला वर्ष होत आलं होतं आणि कवळीवाल्याकडे आता फक्त तुटकी-फुटकी कामं येत. पण त्याच्या टेबलावरचा दिवा, मेणाची भांडी, कानशी अजून जागच्या जागी होत्या. काम संपल्यावर मागे थांबायची परवानगी मालकाने दिली.

त्याने मेणात एकेक दात बसवला. ताईचे खरे दात त्याला आठवत होते. समोरचे दोन किंचित एकमेकांवर चढलेले. ते तसेच बसवले. होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटायला निघालेली ताई आरशासमोर ओठ मिटून हसायचा सराव करत होती, ते त्याला आठवलं. त्याने डोळे पुसले आणि पुढचा दात उचलला.

शेवटी घासून गुळगुळीत करायची वेळ आली, तेव्हा त्याने डाव्या बाजूला आत, हिरडीला टेकते तिथे, जरासा उंचवटा ठेवला.

ही युक्ती मालकाची. पहिल्या खेपेला कुठेतरी जरा उंच ठेवायचं. गिऱ्हाईक गाल धरून तक्रार घेऊन येतं, आपण दोन मिनिटांत घासून देतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि चार जणांना आपलं नाव सांगतं. "तक्रार करायला येतो तो आपला," मालक म्हणायचे. कवळीवाल्याला ही लबाडी कधी पटली नव्हती. आता मात्र त्याने ती मन लावून केली. ताई म्हणेल टोचतंय. आपण म्हणू, अरेरे, सगळी नव्याने करावी लागणार, महिना तरी जाईल, चल कचेरीत. हरायला नको आणि मागायलाही नको.

मालक मागून डोकावले. "काका, डावीकडे उंच राहिलंय."

"दिसतंय मला," कवळीवाला म्हणाला.

रविवारी सकाळी ताईने नवी कवळी घातली आणि आरशात बघितलं. मग तिने ओठ उघडले आणि ते चढलेले दोन दात बघून ती लहान मुलीसारखी हसली.

"मेल्या, हे तुला आठवत होतं?"

"कशी वाटतेय?" कवळीवाल्याचा जीव टांगणीला लागला होता. "टोचत नाही ना कुठे? डावीकडे वगैरे?"

"छे! मस्त बसलीय."

"नीट चावून बघ. हे सफरचंद घे."

ताईने सफरचंद घेतलं. उजवीकडून हळूहळू, पण सगळं खाल्लं. "मस्त," ती म्हणाली.

सोमवारी तिने सूप मागितलं. मंगळवारीही सूपच. पाव बुडवून, मऊ करून. कवळीवाला दर दोन तासांनी विचारायचा आणि ती दर वेळी "काही नाही रे" म्हणायची. तिची जीभ आतून डाव्या गालाशी जायची आणि परत यायची, ते त्याला दिसत होतं. चाळीस वर्षं लोकांची तोंडं बघितलेल्या माणसापासून हे लपणार कसं? उंचवटा तिथेच होता. दुखणंही होतं. फक्त तक्रार येत नव्हती.

तो बुचकळ्यात पडला. त्याच्याकडे येणारी माणसं न टोचणाऱ्या कवळ्यांबद्दलही कटकट करत.

दरम्यान ताईने त्याच्या इमारतीत काय धुमाकूळ घातला! दुकानात नेलं तर तिने भरलेल्या फळ्या बघून नाक मुरडलं नाही की तोंडात बोटंही घातली नाहीत. एवढंच विचारलं, "रांग नाही लागत? मग तुम्ही एकमेकांना भेटता कुठे?" परत येताना तिने शेजारचं दार ठोठावलं. तिथे एक नर्स राहते, तिचे वडील अंथरुणाला खिळलेत आणि तिला गाता येतं, हे कवळीवाल्याला अकरा वर्षांनी कळलं.

"तुझ्याकडे सगळं आहे रे," ताई म्हणाली. "पण तू पडलास बिडलास तर कुणाला कळेल? आमच्याकडे दहा वाजेपर्यंत दार उघडलं नाही तर खालची बाई येऊन बडवते."

"ती तुझ्यावर नजर ठेवते!"

"ठेवते ना. दोन्हीसाठी ठेवते, दार बडवायला आणि वर कळवायला."

मग ताईने उठून खिडकी लावली, आवाज खाली आणला आणि सांगितलं की साबण मिळून तीन महिने झाले, आणि खालच्या बाईच्या मुलाला कुणीतरी घेऊन गेलं तो अजून आलेला नाही. "तो रांगेत उभा राहून मोठ्याने काहीतरी बोलला होता."

"ताई, इथे कुणी ऐकत नाही. मोठ्याने बोल."

"हो का," ती त्याच हळू आवाजात म्हणाली, आणि मोठ्याने काही तिला बोलता येईना. कवळीवाला आधी हसला, मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी तो वाद घालायला विसरला.

परतीच्या दिवशी बस स्टँडवर दोघं बाकावर बसली होती. पुलाकडे जाणारी बस समोर उभी होती. बॅगा वर चढत होत्या. ताईने रुमाल तोंडाला लावला आणि चटकन मिटून घेतला. पण रुमालावरचा लाल डाग कवळीवाल्याने बघितला.

"काढ," तो म्हणाला.

"काय?"

"कवळी काढ. इकडे दे."

"इथे? अरे, माणसं बघतायत."

"बघू देत."

तिने तोंड फिरवून कवळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने कोटाच्या खिशातून कानस काढली. मग त्याला पुढे सांगितल्याशिवाय राहवेना.

"मी मुद्दाम उंच ठेवलं होतं, ताई. डावीकडे. तू तक्रार करशील, मग नवी करायला महिना लागेल म्हणेन, असं ठरवलं होतं. तू राहावीस म्हणून. मी एकटा आहे गं. कामावरही आता कुणाला माझी गरज नाही. दहा वाजले काय आणि दोन वाजले काय, माझं दार कुणी वाजवत नाही. राहा ना."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. दातांशिवाय तिचा चेहरा एकदम आईसारखा दिसत होता.

"मेल्या," ती म्हणाली, "मुदत वाढवायचा शेवटचा दिवस मंगळवार होता."

"मग तू बोलली का नाहीस? एवढं रक्त येईपर्यंत?"

"आमच्याकडे जे हातात देतात ते छान आहे म्हणायचं असतं. इतकी वर्षं तेच म्हणतेय. तू तर जीव ओतून केलेलीस, तुला कशी नावं ठेवू? आणि उपचाराचं तुला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं ना मी. वाटलं, तू राहा म्हणशील. तू काही म्हणाला नाहीस, तेव्हा वाटलं, त्याची घडी बसलेली आहे, कशाला मोडा."

"आता चल. कचेरीत जाऊ. पाया पडतो त्यांच्या."

"माझी मैत्रीण जामीन आहे, छोट्या. मी परवापर्यंत पोहोचले नाही तर तिचं घर जाईल." ती अगदी सरळपणे म्हणाली.

तो खाली मान घालून घासायला लागला. पांढरट भुकटी त्याच्या पँटवर पडत होती. दोन मिनिटांचंच काम. अंगठा फिरवून त्याने बघितलं, उंचवटा गेला होता. बाटलीतल्या पाण्याने त्याने कवळी धुतली आणि ताईच्या हातात दिली.

"घाल. आता सांग."

तिने घातली. तोंड मिटलं, चावून बघितलं, जीभ फिरवली. ड्रायव्हर चढून बसला होता. कंडक्टरने त्यांच्याकडे बघून हात केला.

"टोचतंय," ताई म्हणाली.

"कुठे?"

"डावीकडे. आत."

तिने कवळी काढून दिली. त्याने अंगठा फिरवला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. काही नव्हतं. काचेसारखं गुळगुळीत होतं. त्याने मान वर करून बघितलं, तर ताई बसकडे पाठ फिरवून रस्त्याकडे बघत होती.

"खूप टोचतंय?" त्याने विचारलं.

"खूप," ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या बाकावरच्या माणसांनी वळून बघितलं.

बसने हॉर्न दिला. कवळीवाल्याने कानस कवळीला न टेकवता तिच्यावरून पुढेमागे करायला सुरुवात केली, सावकाश, एखादं फार नाजूक काम चालू असल्यासारखं.