टाकीतले सासरे

सोमवारी सकाळी वळणावरच्या चहाच्या टपरीपुढे पन्नास-साठ माणसं जमली होती. पुढच्यांनी घरून सतरंज्या आणल्या होत्या, मागचे स्टुलांवर चढले होते, आणि सगळे एका मोटारसायकलची वाट पाहत होते. ती इथे बंद पडायला येणार होती.

आणि आली. मैलाच्या दगडापाशी तिने दोन आचके दिले, एकदा खोकली आणि गप्प झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"नऊ चाळीस! घड्याळं लावून घ्या रे!" कुणीतरी ओरडलं.

गाडीवरून उतरले ते कवळीवाले, म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारे एक साधेभोळे गृहस्थ. मागून उतरल्या त्यांच्या पत्नी. त्या लांबच्या दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणत. दर सोमवारी नवरा त्यांना कामावर सोडायला येई, आणि गेले दोन महिने दर सोमवारी गाडी याच दगडापाशी राम म्हणे. घराजवळ दिवसभर हिंडवा, कुरकुर नाही. मेकॅनिकने प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून साफ केला, आणि शेवटी "गाडीला काही झालेलं नाही, तुम्हीच कुठे दाखवून घ्या," असं म्हणून हात झटकले.

त्याच्या आधीच कवळीवाल्यांना सुस्कारेबाबा भेटले होते.

बाबांचा मूळ धंदा हात पाहण्याचा. तो इतका बसला होता की वेळ जायला ते स्वतःचाच हात पाहत. पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा ते टपरीवर दुसऱ्यांच्या चहाकडे बघत बसले होते. उठून आले आणि उगाच रुबाबात म्हणाले, "टाकी उघड, बच्चा." कवळीवाल्यांनी झाकण फिरवताच आतून लांबलचक आवाज आला, 'हुस्स्स!' पाच मिनिटांत गाडी सुरू. या चमत्काराने सगळ्यात जास्त कोण दचकलं असेल तर खुद्द बाबाच, पण समाधी लागल्यासारखे डोळे मिटून त्यांनी वेळ मारून नेली.

कवळीवाले मात्र पांढरेफटक पडले. तो सुस्कारा त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. गाडी मूळची सिस्टरच्या वडिलांची, अण्णांची. अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं. हयात असताना जावयाने काही सांगितलं की ते नेमका असाच सुस्कारा सोडत. अण्णा, मुलगी झाली. हुस्स्स. अण्णा, नवीन यंत्र घेतलं. हुस्स्स. अण्णा, बरं वाटतंय का? हुस्स्स. ही हकिकत ऐकल्यावर बाबांनी सुतावरून स्वर्ग गाठला. सासरेबुवा टाकीत बसलेत म्हणाले, आणि जावयावर रुष्ट आहेत.

आजचा सोमवार शेवटचा होता. गाडी बाबांच्या चरणी कायमची सोडायची, तरच अण्णा मोकळे होणार होते. गाडीची कागदपत्रंही आठवणीने आणायची होती. आत्म्याला कागदपत्रं लागतात हे सिस्टरना नवीनच होतं.

घरी त्यांनी नवऱ्याला परोपरीने समजावलं होतं. तो एकच म्हणे, "अगं, जिवंतपणी मी त्यांना कधी खूश करू शकलो नाही. आता एवढं तरी करू दे." हे ऐकून सिस्टरना रागही यायचा आणि रडूही. अण्णांची म्हणावी अशी ही एकच वस्तू त्यांच्याकडे होती. त्या मागच्या सीटवर, अण्णांच्या पाठीला गाल टेकून त्या शाळेत गेल्या होत्या. ती गाडी हा हातबघ्या घेऊन जाणार!

बाबा धुमसत्या निखाऱ्यांचं भांडं ओवाळत पुढे आले.

"ते आधी लांब न्या," सिस्टर म्हणाल्या. "पेट्रोल आहे. नाहीतर अण्णांबरोबर आपण सगळेच मोकळे होऊ."

पुढच्या सतरंज्या चपळाईने दोन हात मागे सरकल्या. भांडंही गेलं.

"ओम फट् फटफट् स्वाहा!" बाबांनी झाकणावर हात ठेवला. "सासरेबुवा, जावयावर रागावलात का?" त्यांनी झाकण किंचित फिरवलं. हुस्स. लगेच बंद केलं. "गाडी या सेवकाला द्यावी ना?" हुस्स.

गर्दीतून "आहाहा!" उठलं. कवळीवाल्यांनी डोळे पुसत कागदपत्रांची पिशवी पुढे केली. सिस्टरनी ती वरच्यावर धरली.

"बाबा, एक प्रश्न मी विचारते. माझेच वडील आहेत. सुस्कारा येतो तेव्हा आत्मा बाहेर येतो ना?"

"बाहेरच, बाई! आत जाणारा सुस्कारा कुणी ऐकलाय?"

लोक हसले. सिस्टरनी पर्समधून कापूस काढला, त्याची पिसासारखी हलकी वात ओढली आणि झाकणाच्या कडेशी धरली.

"अण्णा, हे बाबा लबाड आहेत का?"

बाबांचा हात झाकणावरच थिजला.

"फिरवा की, बाबा!" मागून आवाज आला.

"आत्म्याची थट्टा करू नये..."

"फिरवा! फिरवा!" सतरंज्यांवरचे सगळे उभे राहिले.

बाबांनी नाइलाजाने झाकण फिरवलं. हुस्स्स्स! अण्णांनी असा खणखणीत होकार आयुष्यात कुणाला दिला नव्हता. पण लोकांचं हसू मध्येच थांबलं, कारण कापूस बाहेर उडालाच नव्हता. तो सुळकन झाकणाच्या फटीत ओढला गेला होता.

"आत्मा... परत आत गेला," बाबा पुटपुटले.

"येरझारा घालतायत होय अण्णा?" चहावाल्या मावशींनी विचारलं.

"आत गेली ती हवा," सिस्टर म्हणाल्या. "इंजिन पेट्रोल पितं. जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून टाकीत यावी लागते, नाहीतर पेट्रोल उतरायचं थांबतं. आमच्याकडे सलाईनच्या काचेच्या बाटलीला हवेची सुई टोचली नाही तर थेंब पडत नाही, तसंच."

"तेलाच्या डब्याला मी दोन भोकं पाडते ती का मग?" मावशी कडाडल्या. "एकातून तेल, एकातून हवा! आणि दोन महिने मी इथे हात जोडून उभी!"

"पण मग इथेच का बंद पडते?" स्टुलावरच्या एकाने विचारलं.

"निघताना आम्ही पंपावर पेट्रोल भरतो. तेव्हा झाकण उघडतं, हवा आत जाते. तिथून न थांबता बरोबर इतकं अंतर आलं की गाडीचा घसा सुकतो; घराजवळ थांबत थांबत फिरतो, तेवढ्यात हवा हळूहळू आत झिरपते. पंप मागे असता तर बाबांचं बस्तानही मागे बसलं असतं. आणि मेकॅनिक दर वेळी आधी टाकी उघडायचा, मग त्याला रोग दिसणार कसा?"

सिस्टरनी झाकण काढून उलटं केलं. हवेसाठी ठेवलेलं बारीक भोक गच्च बुजलेलं होतं. पर्समधल्या सुईने त्यांनी ते टोकरलं. तळहातावर पांढरा, कडक खडा पडला.

"ओळखता का हे?"

कवळीवाल्यांनी तो बोटांत चुरला आणि ओशाळले. "ही तर माझी पूड. कवळ्यांना चकाकी आणायची." दर रविवारी ती पाण्यात कालवून ते गाडी घासत. अण्णांची गाडी ना, आरशासारखी दिसली पाहिजे. थर साचत साचत भोक बुजलं होतं.

"म्हणजे अण्णा टाकीत नाहीत," ते हळूच म्हणाले. "पण जिवंतपणीचे सुस्कारे तर खरे होते ना?"

सिस्टरनी झाकण परत बसवलं. मग म्हणाल्या, "अहो, अण्णांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, म्हणून बोलले नाही. तुम्ही त्यांना बनवून दिलेली कवळी सैल होती. तोंड उघडलं की फटीतून हवा जायची. मी म्हणायचे, जावयाला सांगा, दोन मिनिटांत नीट करून देतील. तर म्हणायचे, 'पोराने इतक्या मनापासून केलीय. त्याला वाईट वाटेल.' शेवटपर्यंत तीच घातली त्यांनी."

कवळीवाले मैलाच्या दगडावर मटकन बसले. आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम करू लागले. मावशींनी त्यांच्या हातात चहा दिला. तेवढ्या वेळात बाबा कुठे गेले ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. पुढे चालत जायचा योग त्यांच्या हातावर असावा.

पुढच्या सोमवारी नऊ चाळीसला गाडी हॉर्न देत टपरीवरून भरधाव निघून गेली. सतरंजी घेऊन आलेले दोघेजण हिरमुसले, पण त्याला इलाज नव्हता.

तेव्हा मंडळी, गाडी बंद पडली तर कुणाच्या पाया पडण्याआधी झाकणाचं भोक बघा. कापूस घराघरात असतो आणि डोकंही, दोन्ही वापरायला मंत्र लागत नाही. आणि आपलं माणूस सुस्कारे टाकत असेल, तर का टाकतंय ते त्यालाच विचारा, ते समोर बसलेलं असतानाच.