शंभरात दीड

मी एक जुना आराखडा आहे. कागदावरचा नव्हे, मित्रांनो, संगणकातला. मला घडी पडत नाही, वाळवी लागत नाही आणि तोंडही नाही. तोंड नाही हेच माझं मोठं दुखणं. माझं नाव ‘नवीन-एक’. अकरा वर्षं झाली तरी मी नवीनच. मग माणूस चिडणार नाही तर काय करणार? बरं, मी माणूसही नाही.

ट्रकचं चाक वळवणारा एक लोखंडी दांडा असतो, साधारण वीतभर लांब. तो घडवून करतात. लोखंड लालभडक तापवायचं, दोन पोलादी ठोकळ्यांमध्ये ठेवायचं आणि वरून हॅमर हाणायचा. ठोकळ्यांत जसा आकार कोरलेला असेल तसा दांडा बाहेर येतो. त्या ठोकळ्यांना कारखान्यात डाय म्हणतात. आणि तो दांडा नेमका कसा हवा, हे सांगणारा मी.

मला काढलं मिस्त्रींनी. त्यांनी अठरा वर्षं हॅमर चालवला होता. मनगट कामातून गेलं तेव्हा साहेबांनी त्यांना ड्रॉइंगच्या खोलीत बसवलं, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. जमलं तर खुर्ची, नाही तर घर. हॅमरवर परत जायची सोय नव्हती. संगणक त्यांना त्यांच्या मुलीनेच शिकवला. “बाबा, फाइलला नाव नीट देत जा, नाहीतर शोधत बसाल,” असं ती बजावायची, हे ते स्वतःच हसत सांगायचे. सांगायचे, आणि माझं नाव तसंच ठेवायचे.

पण काम मात्र त्यांनी मनापासून केलं. माझ्या प्रत्येक बाजूला थोडा उतार दिला, प्रत्येक कोपरा गोल केला. “सरळ भिंत ठेवली की दांडा डायमध्ये रुतून बसतो, ताई,” ते म्हणाले, “चिमट्याने ओढून ओढून तर माझं मनगट गेलं.” ताई म्हणजे आराखडे तपासणाऱ्या बाई. त्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे दगडाला पाझर. त्यांनी मला दोन दिवस पडद्यावर फिरवून, कापून, मोजून पाहिलं, दोन चुका काढल्या, त्या सुधारून घेतल्या आणि सही केली. “मिस्त्री, नुसतं शिकून आलेल्यांना हे जमत नाही,” एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मी फार सुखात होतो.

ते सुख संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. ताई जागेवरून उठल्या आणि मिस्त्रींच्या मनात शंका आली. तापलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, हे त्यांनी अठरा वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग डाय थोडी मोठी नको का? त्यांनी माझी नक्कल केली, ती शंभरात दीड या हिशेबाने फुगवली, तिचं नाव ‘पक्का-फायनल’ ठेवलं आणि डायवाल्यांना तीच घ्यायला सांगितलं. अहो, ती वाढ डायवाले कापताना देतातच! आराखडा थंड झालेल्या दांड्याच्या मापाचाच ठेवायचा, हा त्या खोलीतला नियम. सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडलेला, की मिस्त्रींना तो सांगावा असं कुणाला वाटलंच नाही. वाढ दोनदा झाली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी ती नक्कल माझ्या शेजारी ऐटीत बसली होती. मला सगळं दिसत होतं. नुसता तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

महिन्याभराने पहिला दांडा आला. थंड झाल्यावर ताईंनी व्हर्निअर लावला. दोनशे मिलिमीटर हवे होते, भरले दोनशे तीन. त्यांनी तीनदा मोजलं. साहेबांनी मला उघडलं, दोनशे पाहिले आणि डाय कापणाऱ्यावर घसरले, “आराखड्यावर ताईंची सही आहे. चुकलात तुम्हीच.”

“साहेब, जी फाइल सांगितली तीच कापली हो,” तो बिचारा म्हणत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि साक्षीदार कोण, तर मी.

दोनशे तीन हा आकडा ऐकला आणि मिस्त्रींना आपला शंभरात दीडचा हिशेब आठवला. ते जागेवर आले. मुदतीचे तेरा दिवस उरले होते. त्यांनी नकलेवर माउसचा बाण नेला. एक बटण दाबलं असतं तर ती पुसली गेली असती आणि डायवाल्याच्या शब्दाला पुरावा उरला नसता. मी त्या नकलेचा महिनाभर दुस्वास केला होता. त्या क्षणी मात्र ती राहावी, असं मला कळकळीने वाटलं.

मिस्त्रींनी हात मागे घेतला. “ताई, जरा इकडे या. तुम्ही तपासलीत ती फाइल डायवाल्यांकडे गेलीच नाही. चूक माझी आहे.”

ताईंनी दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या आणि मापं ताडून पाहिली. “चूक तुमची, आणि मीही गेलेली फाइल उघडली नाही,” त्या म्हणाल्या. “चला साहेबांकडे.”

साहेब खूप बोलले. मग डायचा वरचा थर तासून आकार नव्याने, खोल कोरला. बारा दिवस वाया गेले. मिस्त्रींची मुदत आणखी सहा महिने वाढली आणि शेवटी खुर्ची मिळाली.

पुढे काय झालं, सांगू? येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मिस्त्री ती नक्कल दाखवू लागले. चुकलेली ती सगळ्यांना पाठ, आणि बरोबर असलेला मी नुसता मापाला. गेल्या महिन्यात मिस्त्री निवृत्त झाले. त्यांच्या शेवटच्या दिवशी, संगणकात जागा कमी पडते म्हणून, जुन्या फाइली काढून टाकायच्या होत्या. “या दोनांतली कुठली ठेवू?” त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुलीने त्यांना विचारलं. मी छाती फुगवून बसलो.

मिस्त्री म्हणाले, “एकच ठेवायची असेल तर चुकलेली ठेव. बरोबर आराखडा परत काढता येतो.”

माझ्या अंगाचा तीळपापड झाला. त्या मुलीने दोघांनाही ठेवलं, म्हणून आज बोलतोय. पण मित्रांनो, राग उतरल्यावर कबूल करतो, म्हाताऱ्याचं खरं होतं. तेव्हा दुसऱ्याच्या हातात जे देणार असाल, तेच शेवटचं एकदा उघडून बघा. आणि चुकलात तर ती चूक पुसू नका, कारण त्या दिवशी दुसऱ्या कुणाची तरी भाकरी तिच्यावर अवलंबून असते.