करवंटीतला गूळ

नयनाचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. तिचे वडील रत्नाकर आषाढात गेले, आणि वर्षाच्या आत मुलगी उजवायची म्हणून मार्गशीर्षातच जयनगरात मांडव पडला. थोरला भाऊ अवधूत. त्याने गच्चीवरच्या बापाच्या मधमाश्यांच्या पेटीतला मध पार निपटून काढला, छोट्या बाटल्यांत भरला आणि ‘अप्पांचा मध’ अशी चिठ्ठी डकवून पाहुण्यांना वाटला.

“दोन पोळी तरी ठेव रे. थंडीत त्या खातील काय?” त्याची आई कावेरी म्हणाली होती.

“साखर देऊ की, अम्मा.”

लग्न आटोपून कावेरी आनेकलला बहिणीकडे गेली. जाताना बजावून गेली, साखरेचं पाणी करवंटीत घाल, वर काड्या टाक, नाहीतर बुडतील.

घरी परतली तेव्हा जे. पी. नगरात गारठा आणि झिमझिम, काही दिवस ऊन नाही. पिशवी खांद्यावर तशीच घेऊन ती गच्चीवर गेली. पेटीच्या तोंडाशी तपकिरी ओघळ, खाली मेलेल्या माश्यांचा सडा. तिने करवंटीत बोट बुडवून चाटलं.

“गूळ?”

“ऑरगॅनिक आहे अम्मा. आपल्या घरात साखर येतच नाही ना आता. म्हटलं, ते पांढरं विष माश्यांना तरी कशाला...”

“विष तू घातलंस! हगवण लागलीय त्यांना. बाहेर पडता येत नाही, आतच घाण करून मरतायत. तुझ्या पोटाचं पथ्य त्यांच्या गळ्यात कशाला बांधलंस, शहाण्या?”

“मला काय माहीत? स्वल्प शांत हो ना.”

“शांत तुझा बाप झालाय! त्याच्या हातचं एवढंच जिवंत उरलं होतं.”

ती तरातरा खाली आली. फडताळात मागे एक बाटली दडवलेली होती, ती तिने उचलली.

“अम्मा, ती ऑफिसातल्या साहेबांसाठी ठेवलीय!”

“साहेबाला गूळ दे.”

वर जाऊन करवंटी घासून तिने माश्यांना त्यांचाच मध ओतला, थेंबही न ठेवता. मग पेटीवर छत्री धरून तिथेच बसली. चारदोन माश्या आल्या, चाटून आत गेल्या. अवधूतने चहा आणून ठेवला. तो तिने कुंडीत ओतला.

रत्नाकर आषाढात गेले. त्यांच्या माश्या त्याच वर्षी पौषात, भोगीच्या दिवशी, सगळ्या मेल्या.