वेदीपुढची थप्पड

जोसरांकाका पाणचक्की मागायला आला तो मधाचं गाडगं घेऊन. माणूस तसा वाईट नव्हता. थोरल्या भावाच्या विधवेला घराबाहेर काढायला रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढी रीत त्याला कळत होती.

"वहिनी, मठातल्या बायका तुम्हाला फुलासारखं जपतील," तो म्हणाला. "चूल नाही, दळण नाही, बसून देवाचं नाव घ्यायचं. आमच्या पोराचं, गीचं, लग्न ठरलंय. त्याला घर नको का?"

"आणि मला नको?" पेरोनेल म्हणाली. "भाऊजी, जाताना ही चक्की तुमच्या दादांनी मला दिलीय. मरेपर्यंतची."

"मला तर तसं काही आठवत नाही बाई."

पेरोनेलची मुलगी एमलीन खिडकीशी अक्रोड फोडत बसली होती. काकाला घोडा कुठे बांधला तेही आठवत नसे, हे खरं. पण नेमकं सोयीचं विसरणंही त्याला छान जमत असे.

तिचे वडील मिलों अंगरख्यावर लाल क्रूस शिवून पवित्र भूमीकडे धर्मयुद्धाला गेले ते गेलेच. तिकडच्या आक्रा शहराच्या वेढ्यात तापाने वारले, असा निरोप आला आणि सोबत त्यांचा कमरपट्टा. घराण्याची गढी ठरल्याप्रमाणे काकाकडे गेली. पट्टा खुंटीवर अडकवला गेला. एमलीनने त्याला कधी हात लावला नाही, आणि निरोप आला त्या दिवशी ती रडलीही नाही.

कारण एकच. निघायच्या दिवशी वडिलांनी चर्चमध्ये, दानाची खूण म्हणून वेदीवर सुरी ठेवून चक्की, घर आणि अक्रोडाची बाग आईला दिली होती. असं काही दिलं की जवळच्या एखाद्या पोराच्या कानाखाली सणसणीत ठेवून द्यायची, म्हणजे ते पोर म्हातारं झालं तरी देणं विसरत नाही. बरगंडीत सगळीकडे हीच पद्धत. त्या दिवशी पोर होती एमलीन. ती मेणबत्त्यांकडे बघत होती आणि बाजूने गालावर थप्पड बसली. वळून पाहिलं तर वडील. कधी बोटही न लावणारे वडील. मग ते निरोपाचा मुका मागायला वाकले, तेव्हा तिने आईच्या झग्यात तोंड खुपसलं ते घोडे दिसेनासे होईपर्यंत काढलं नाही.

सेंट मार्टिनच्या सणाला, प्रार्थना आटोपल्यावर, मठाधिपती निवाड्यासाठी चर्चच्या ओसरीत बसले. तेव्हाचे पाद्रीबाबा वारले होते. साक्षीला उभे राहिलेले सरदार मिलोंबरोबरच गेले आणि तिकडेच राहिले. स्वतःच्या हक्कासाठी पेरोनेलची साक्ष चालणार नव्हती. राहिली एमलीन. तिचं कोणी मानलं नाही तर आईला त्याच आठवड्यात मठात जावं लागणार होतं.

"तुला काय आठवतं, पोरी?"

"चक्की, घर, बाग. आईला, मरेपर्यंत." एमलीनने गालाला हात लावला. "आणि वडिलांनी मला मारलं ते."

"लहान पोर होती हो," काका हसून म्हणाला. "आईने शिकवलेलं बोलतेय."

"मार कोणी शिकवत नाही, काका. जाता जाता मारून गेले. माझ्याकडे त्यांची तेवढीच एक आठवण आहे."

काकाचं हसू मावळलं. तो टोपी चुरगाळत बसला. मठाधिपती पुढचं विचारणार, तोच तो उठला.

"ए, दादाला बोल लावू नकोस. त्याने नाही मारलं तुला."

"मग कोणी?"

"मी मारली. त्याने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मला म्हणाला, जोश्या, माझ्याने व्हायचं नाही, तू मार. पण हळू मार हं." काकाने नाक ओढलं. "तू मुका दिला नाहीस म्हणून टेकडी उतरेपर्यंत वळून वळून बघत होता येडा."

मग मठाधिपती सावकाश म्हणाले, "म्हणजे आपण तिथे होतात."

"होतो," काका म्हणाला. त्याने गीकडे, नवरदेवाकडे, बघायचं टाळलं. "चक्की वहिनींचीच आहे. लिहून घ्या, नाहीतर मी पुन्हा विसरायचो."

वाटेत एमलीनने आईचा हात धरला. "काकाने मारलं, हे तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे. तू तर त्यांचा विषय निघाला की उठूनच जायचीस गं."

घरी आल्यावर एमलीनने खुंटीवरचा पट्टा काढला. कातडं वाळून कडक झालं होतं. ती अक्रोडाचं तेल घेऊन चुलीपाशी बसली आणि पट्ट्याला चोळता चोळता वडिलांसाठी पोटभर रडली.