एकही गलबत निघालं नाही

मी एक काठी बोलतेय. खरं तर अर्धी काठी. माझा वरचा अर्धा भाग कल्लिरा गावच्या देवळाच्या पायऱ्यांशी पडला, त्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. खालचा अर्धा भाग म्हणजे मी. फोलियाच्या टेकडीवर शेळ्यांच्या गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून मी आडवी पडून असते. कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. मला मोडल्याचं दुःख नाही. कशासाठी मोडले ते सांगायची खुमखुमी मात्र अजून आहे.

माझा जन्म याच टेकडीवरचा. झऱ्याच्या वरच्या अंगाला एक रानटी ऑलिव्हचं झाड होतं, त्याची मी फांदी. शेळ्या खालून कुरतडायच्या आणि समुद्राचा वारा वरून वाकवायचा, तरी मी हट्टाने सरळ वाढले. स्वभाव म्हणतात तो तिथूनच आला असावा.

डेक्सियस तेव्हा ऐन विशीत होता. गावोगावच्या जत्रांत जुनं युद्धगाणं म्हणायला निघालेला नवखा गाणेकरी. आमच्याकडे गाणेकरी काठीशिवाय उभाच राहत नाही. ज्याच्या हातात काठी त्याने बोलायचं, बाकीच्यांनी, मग तो गावचा धनी का असेना, तोंड मिटून ऐकायचं. तशी काठी शोधत तो आमच्या झाडाशी आला आणि त्याने कोयता उचलला.

"अहो बुवा, झाड बापाचं आहे का?" शेळ्या राखणारी मेलित्ता खालून ओरडली. तीही तेव्हा त्याच्याच वयाची.

"नाही बाई. तुझ्या बापाचं असेल तर तुला विचारतो."

"हवी कशाला फांदी?"

"गाणं म्हणायला."

"गाणं तोंडाने म्हणतात ना?" ती हसली. "न्या. पण आमच्या झाडाची काठी धरून खोटं बोललात, तर हा बोकड पाहून ठेवा. मी काही करणार नाही, तोच करेल."

डेक्सियसने बोकडाकडे पाहिलं आणि मान डोलावली. बोकड खरंच भला दांडगा होता.

पुढची तीस वर्षं मी त्याच्या मुठीत काढली. त्याने माझी साल काढली, तेल पाजलं, दर ओळीला मला जमिनीवर एकदा टेकवायची सवय लावून घेतली. देवाच्या जत्रेत मांसाचा धूर, पाणी घातलेली वाईन, कांदा खाऊन पुढे बसलेली माणसं, आणि मधोमध आम्ही दोघं. डेक्सियसला एकच अभिमान होता. त्याच्या गुरूने दिलं तसं गाणं तो म्हणायचा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. "गाणं आपलं नसतं रे, आपण गाण्याचे असतो," असं गुरूने सांगितलं होतं, आणि हा ते येताजाता ऐकवायचा. कधीकधी मला त्याचा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू?

त्या गाण्यात युद्धाला गेलेल्या गलबतांची भलीमोठी यादी होती. ती सुरू झाली की माणसांची गंमत पाहावी. इतका वेळ पेंगणारा म्हातारा ताठ बसायचा. "आता आमचे येतील," असं शेजाऱ्याला कोपराने ढोसून सांगायचा. तीस वर्षांत मला असा एकही माणूस भेटला नाही, ज्याचा पूर्वज त्या गलबतावर वल्हं मारत होता. सगळ्यांचे पूर्वज वीर, सगळे नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकाला, उभे. मग गलबतं चालवली कुणी, माशांनी?

हसू नका. त्या यादीवरून आमच्याकडे जमिनी ठरतात. दोन गावांचं कुरण कुणाचं यावरून भांडण लागलं, की तिसऱ्या गावचे पंच बोलावतात आणि विचारतात, गाण्यात काय आहे? गाणं म्हणेल ती पूर्व दिशा.

कल्लिराच्या थ्रासिप्पसला हे पक्कं माहीत होतं. घोडे पाळणारा माणूस, जत्रेचा सगळा खर्च त्याचा, त्यामुळे जत्राही त्याचीच. त्याच्या घोड्यांना फोलियाचा झरा हवा होता. मेलित्ता आणि तिच्यासारखी आठदहा धनगर घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होती, पण त्यांच्याकडे सांगायला एकही वीर नव्हता. थ्रासिप्पसने दावा लावला आणि त्या वर्षीच्या जत्रेला पंचांना पहिल्या रांगेत बसवायचं ठरवलं.

जत्रेच्या सकाळी त्याने डेक्सियसला वेदीपाशी गाठलं.

"डेक्सियसबुवा, यादीत एक ओळ घालायचीय. 'आणि फोलियाच्या टेकडीवरून निघाली तीन गलबतं, कल्लिराच्या वीराची.' बस, एवढीच."

"अशी ओळ गाण्यात नाही, धनी."

"म्हणून तर घालायचीय. असती तर तुमच्या पाया कशाला पडलो असतो?"

"पाया पडलेले काही दिसला नाहीत."

थ्रासिप्पस हसला. "बाकी दोघं गाणेकरी तयार आहेत. जांभळी शाल बघा त्यांच्या खांद्यावर. तुमची तर विरलीय पार."

"विरली असली तरी माझी आहे."

"बरं," थ्रासिप्पस शांतपणे म्हणाला. "तुम्ही नका घालू ओळ. ती आपोआप तुमच्या तोंडात येईल."

त्याने काय शिजवलं होतं ते दुपारी कळलं. आमच्या जत्रेचा नियम असा, की एक गाणेकरी जिथे थांबेल नेमक्या तिथून दुसऱ्याने उचलायचं. मागे जायचं नाही, गाळायचं नाही. चुकला तर त्याची काठी काढून घेतात आणि त्या गावात तो पुन्हा कधी उभा राहत नाही. जत्रेला काठी एकच, आणि त्या वर्षी सगळ्यांत वडील म्हणून डेक्सियसची, म्हणजे मीच, हातोहात फिरत होते. डेक्सियसच्या आधी लाम्पोन होता. गोड गळ्याचा, आणि खायला मिळालं की कशालाही नाही न म्हणणारा. तो यादी म्हणत गेला, गलबतांमागून गलबतं निघाली, आणि मग त्याने मला जोरात जमिनीवर टेकवलं.

"आणि फोलियाच्या टेकडीवरून..."

एवढंच म्हणून तो थांबला. नजर चुकवत त्याने मला डेक्सियसच्या हातात दिलं.

गेला महिनाभर थ्रासिप्पसची माणसं ती ओळ बाजारात गुणगुणत होती. पुढे काय येणार हे सगळ्या गावाला पाठ होतं. पंच पुढे वाकले. बायकांच्या बाजूला, अगदी मागे, मेलित्ता उभी होती, केस पांढरे झालेली. ती काहीच बोलली नाही. हातात काठी असलेल्या माणसापुढे बोलता येत नाही ना.

डेक्सियस मुका राहिला तर काठी जाणार आणि ओळ पुढचा कुणी पुरी करणार. त्याने ओळ म्हटली तर टेकडी जाणार. आणि स्वतःची ओळ घालायची म्हणजे गुरूचा शब्द मोडायचा. माझं लाकूड या टेकडीचं होतं, मी आतून ओरडत होते. पण काठीचं कोण ऐकतं?

त्याने मला टेकवलं. एकदा. मग खड्या आवाजात, चालीत, एक मात्रा न चुकता म्हणाला:

"...एकही गलबत निघालं नाही. तिथे कडा होता, झरा होता, आणि शेळ्या चरत होत्या."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी खो खो हसत सुटलं. "अरे, खरंच की! टेकडीवरून गलबत काय शेळ्यांनी ढकललं का?" मग सगळी जत्रा हसली. फोलियाला बंदर नाही, उभा कडा आहे, हे तिथल्या पोराटोरांना ठाऊक होतं, धन्याला ते सांगायचं धाडस मात्र कुणी केलं नव्हतं. ठाऊक नव्हतं एकट्या थ्रासिप्पसला, कारण ज्या टेकडीसाठी तो दावा लढत होता, तिच्यावर त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

तो उठला तो थेट आमच्याकडे आला. "गाण्यात भर घातली! सगळ्यांनी ऐकलंय! पन्नाशीच्या माणसाने देवासमोर गाणं बाटवलं!"

"घातली," डेक्सियस म्हणाला. "तीस वर्षांत एक. तुम्ही माझ्या तोंडी तुमची घालणार होता, त्याऐवजी मी माझी घातली."

थ्रासिप्पसने मला त्याच्या हातातून हिसकावलं आणि देवळाच्या पायरीवर आपटलं. एका फटक्यात मी मोडले नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवा. त्याला तीन फटके लागले.

दुसऱ्या दिवशी पंच टेकडी चढून आले, धापा टाकत. कड्यावरून त्यांनी खाली पाहिलं, झऱ्याचं पाणी प्यायलं, मेलित्ताच्या हातचं चीज खाल्लं आणि टेकडी धनगरांचीच असं सांगून गेले. डेक्सियसला मात्र कल्लिरात पुन्हा कुणी काठी दिली नाही, आणि दुसऱ्या गावांनीही हळूहळू बोलावणं सोडलं. मेलित्ताने माझा खालचा अर्धा भाग पायऱ्यांपासून उचलला आणि त्यालाही सोबत घेऊन आली. "काठी आमची, म्हणून बुवापण आमचेच," एवढंच ती म्हणाली.

तो इथेच म्हातारा झाला. एकच गोष्ट त्याला सतावत राहिली. ती ओळ गाण्यात राहून गेली. लोकांना ती इतकी आवडली, की येणारा प्रत्येक गाणेकरी ती म्हणायचा. डेक्सियस त्याचा हात धरून विनवायचा, "बाबा रे, ती ओळ गाळ. ती गाण्यात नाही, ती माझी आहे." गाणेकरी हसायचे. आता तर थ्रासिप्पसचे नातू सांगतात, ती ओळ आमच्याच आजोबांनी घालून घेतली. शेवटच्या आजारातही डेक्सियस तेच म्हणत होता, "काढा ती."

गेल्या वसंतात एक नवा गाणेकरी झऱ्यावर पाणी प्यायला थांबला. आता अगदी म्हातारी झालेली मेलित्ता त्याला म्हणाली, "यादी म्हण रे जरा." त्याने म्हटली. फोलियाची ओळ आली, तिथे तो थबकला. "आजी, ही ओळ मूळची नाही म्हणतात. गाळू का?"

मेलित्ताने माझ्याकडे पाहिलं. मी दारात आडवी होते, आत शेळ्या होत्या.

डेक्सियस, तीस वर्षं तुझा प्रत्येक शब्द मी मानला. हा एक मानणार नाही.

"म्हण," मेलित्ता म्हणाली. "मोठ्याने म्हण."