शिवणीत गेलेली गोगलगाय

चित्रकला महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या ठकीला एकच शाप होता: स्वतःचं काम तिला फार आवडायचं. परीक्षेसाठी लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक करायचं होतं, आणि गेल्या खेपेला तिने ते इतकं नटवलं की ज्या पोराला दाखवलं ते तिसऱ्या पानावर झोपलं. सरांनी सरळ नापास केली. आता दुसरी आणि शेवटची संधी. हुकली तर अख्खं वर्ष पाण्यात.

सरांचा नियमही एक नंबरचा खट. पुस्तक शिवून झालं की वाचता न येणाऱ्या मुलासमोर ठेवायचं आणि आपण तोंडाला कुलूप लावायचं. मूल जे बोलेल ते जसंच्या तसं चिठ्ठीवर लिहून पुस्तकासोबत आणायचं.

ठकीच्या पुस्तकात एक गोगलगाय परसातून निघून नळापर्यंत जाते, बास. पण रंग असे की बघत राहावं. पानं कडेने शिवली आणि भाचीला, चार वर्षांच्या टिल्लीला, मांडीशी बसवलं. टिल्लीने भराभर पानं उलटली आणि सातव्या पानाशी अडली.

गोगलगाय गायब!

ठकीने वाकून पाहिलं. दोन कागद शेजारी ठेवून एकच मोठं चित्र काढताना शिवणीसाठी बोटभर जागा सोडायची असते, हे शेंबडं पोरही सांगेल. बाईसाहेब रंगाच्या नादात तेच विसरल्या होत्या. भोपळ्याच्या पानावरची चिमुकली गोगलगाय नेमकी मधोमध, आणि ती टाक्यांनी गिळून टाकलेली.

टिल्लीने पुस्तक फाकवलं. एक डोळा मिटून फटीत पाहिलं. फुंकर मारली, कान लावला. मग ती आत गेली का, आत अंधार आहे का, असं पुटपुटत राहिली. पाव तास पान उलटायचं नाव नाही. शेवटी तिने विचारलं, "आत्या, तिला आत कोण भेटलं?"

पुढची नऊ पानं तशीच पडलेली, त्यात नळ तर ठकीने जीव ओतून रंगवलेला. तिचा पारा चढला. बोलायची बंदी होती, कापायची कुठे होती? तिने कात्री घेतली, कचाकच टाके उसवले आणि दोन्ही पानं जोडून टिल्लीपुढे ठेवली. आणि गोगलगायीवर बोट ठेवलं: बघ, ही काय!

टिल्लीने पाहिलं. "एवढीच?" म्हणाली, आणि उठून बाहेर खेळायला पळाली.

नियम विसरून ठकीने हाका मारल्या, नळाचं पान हलवून दाखवलं, पण पोरगी काही परत फिरकली नाही. टिल्लीची आई, म्हणजे ठकीच्या वहिनी, म्हणाल्या, अगं चिठ्ठीवर 'छान आहे' लिही, सरांना कुठे कळतंय? ठकीने लिहायला घेतलंही. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि खूप रडू आलं. रडून झाल्यावर ती सुट्या पानांकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने सरांच्या टेबलावर उसवलेली पानं आणि चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर टिल्लीचे सगळे प्रश्न होते, आणि शेवटी 'एवढीच?'.

सरांनी विचारलं, मुलगी किती वेळ बघत होती. टाके होते तोवर पाव तास, ठकी म्हणाली. आणि उसवल्यावर? उसवल्यावर डोळ्याची पापणी लवेपर्यंत.

"मग आज काय जमा करतेस?"

"आज काहीच नाही, सर. सातवं पान होतं तसंच शिवणार आहे. पुढची नऊ फाडली मी."

"नळसुद्धा?"

"नळसुद्धा. मला चार दिवस द्या. आत कोण भेटलं ते मलाही माहीत नाही, आणि कालपासून मला दुसरं काही सुचत नाहीये."

सरांनी चष्मा काढून पुसला. वहीत तिच्या नावापुढची तारीख खोडून सोमवार लिहिला, आणि म्हणाले, दाखवायचं मात्र त्याच पोरीला.