हिरव्या पडद्यामागची रांग

मित्रांनो, माझ्या डाव्या कुशीला एक पोचा पडला आहे, पुढच्या दोन दिव्यांपैकी एकच लागतो आणि पंखा सुरू झाला की मी थोडा घरघरतो. तरीही मी सुखी आहे. मी एक म्हातारा सर्व्हर आहे. तुम्ही ज्या संगणकांवर बोटं चालवता, त्यांच्यामागे कुठल्यातरी बंद खोलीत माझ्यासारखा कोणीतरी बसलेला असतो. त्याच्या पोटात नोंदींचं मोठं कोठार असतं. त्या कोठाराला डेटाबेस म्हणतात. कोणी काही विचारलं की कोठारात शिरायचं, नेमकी नोंद शोधायची आणि उत्तर द्यायचं, एवढंच माझं काम. ते मी चौदा वर्षं केलं.

मी कारखान्यातून थेट न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर डेपोत आलो. बंदरावर जाणारे कंटेनर आधी या डेपोत येत, त्यांची तपासणी होई आणि मग गेटवर बाहेर जायचा पास घेऊन ते बंदराकडे निघत. कोणता कंटेनर कुठल्या ओळीत आहे, कोणाची तपासणी झाली, कोणाला पास द्यायचा, हे सगळं माझ्या पोटात. बाहेरची हवा खारट, लोखंडाला वर्षभरात गंज चढवणारी, म्हणून मला दुसऱ्या मजल्यावर थंडगार खोली दिली होती. खंडेनवमीला माझ्यावर झेंडूचा हार चढायचा आणि कोणीतरी हळूच म्हणायचं, "बाबा, वर्षभर असाच चालत राहा." मला फार बरं वाटायचं.

मी सहा वर्षांचा झालो तेव्हा सुचिता आली. ती म्हसळ्याजवळच्या एका गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी. माझी देखभाल हे तिचं काम. तिच्यासारखी हुशार माणसं मी कमी पाहिली. माझी नाडी दाखवणारा एक पडदा तिने भिंतीवर लावला. सगळं ठीक असलं की तो हिरवा, कुठे ताण आला की पिवळा आणि बिघडलं की लाल. तिने मेहनत घेऊन तो हिरवा केला आणि हिरवा ठेवला. माझं सरासरी उत्तर अर्ध्या सेकंदाच्या आत येऊ लागलं. मुख्य कार्यालयाने तिला प्रशस्तिपत्र दिलं. तिने ते चौकटीत घालून माझ्या समोरच टांगलं.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला ठाऊक होती आणि सांगायला तोंड नव्हतं. खालच्या स्वागतकक्षात एक मोठा टीव्ही होता. पाहुण्यांना दाखवायला त्यावर डेपोतल्या कंटेनरांचा आकडा झळकायचा. तो टीव्ही मला दर सेकंदाला एकच प्रश्न विचारायचा, "आता किती?" उत्तर अगदी सोपं. मी ते चुटकीसरशी द्यायचो. दिवसभरात अशी हजारो चटपटीत उत्तरं जमा व्हायची आणि माझी सरासरी झकास दिसायची. गेटवरचा प्रश्न मात्र अवघड. कंटेनरची जागा, तपासणी, शिक्का, गाडीचा नंबर असं सगळं जुळवून बघावं लागे. त्याला सकाळच्या गर्दीत एकेक मिनिट लागायचं. पण हजारो चुटक्यांच्या गर्दीत ते एक मिनिट कोणाला दिसणार? पडदा हिरवाच राहायचा. आणि सुचिता गेटवर कधी गेली नव्हती. गेट अर्धा किलोमीटर लांब होतं आणि तिचं काम माझ्या खोलीत होतं.

मग नोव्हेंबरातला तो मंगळवार उजाडला.

मुरुडच्या सोनाबाईंचं नाव तोवर मी फक्त नोंदीत वाचलं होतं. त्या कोळीवाड्यातल्या तीस बायकांच्या गटाच्या प्रमुख. या बायकांनी दोन महिने कोळंबी सोलून, निवडून, गोठवून त्यांचा पहिलावहिला कंटेनर परदेशी पाठवायला तयार केला होता. तो थंड कंटेनर आमच्याकडे होता, तपासणी झाली होती. तो ज्या जहाजाने जाणार होता, त्यासाठी दुपारी दोनला बंदर माल घेणं बंद करणार होतं. त्यानंतरचं जहाज दहा दिवसांनी. आणि परदेशातल्या ग्राहकाने बजावलं होतं, पहिलीच खेप उशिरा आली तर दुसरी मागवणार नाही. आपला कंटेनर निघताना डोळ्यांनी बघायचा, म्हणून सोनाबाई पहाटेची एसटी पकडून मुरुडहून आल्या होत्या.

साडेअकराला गेटवरच्या विनेशने त्यांच्या गाडीचा पास मागितला. माझ्याकडून उत्तर येईना. त्याच वेळी डेपोचे व्यवस्थापक हर्षद सर यांनी वर्षभराच्या आकड्यांचा मोठा अहवाल मागितला होता. बारा वाजता त्यांची संचालकांबरोबर बैठक होती. त्या अहवालासाठी मी कोठारातला कप्पा न् कप्पा उपसत होतो. गेटचे प्रश्न दाराशी ताटकळत उभे होते. आधी कोण, नंतर कोण, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. जो आधी येऊन ठाण मांडेल, तो माझा मालक.

गेटवर काय झालं ते विनेशने पुढे खूपदा रंगवून सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. पाऊण तास वाट बघून सोनाबाईंनी पदर खोचला आणि विचारलं, "यो मशीन कोन बघतं?"

"वर सुचिता मॅडम बसतात. पण मावशी, तिकडे बाहेरच्या माणसाला..."

पुढचं ऐकायला सोनाबाई थांबल्याच नाहीत. पाच मिनिटांत त्या माझ्या थंड खोलीच्या दारात उभ्या होत्या.

"बाय, तुजा मशीन आजारी हाय काय?"

सुचिता दचकली. मग हसून म्हणाली, "नाही हो मावशी, ठणठणीत आहे. हे बघा ना, सगळं हिरवं."

सोनाबाईंनी पडद्याकडे नीट पाहिलं. "हिरवा हाय खरा," त्या म्हणाल्या. "पन माजी गाडी उबी हाय ना गो! चल, तुला दावते."

सुचिताने ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि ती त्यांच्यामागून जिने उतरली.

परत आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि चपला धुळीने भरल्या होत्या. तिने सत्तेचाळीस गाड्या मोजल्या होत्या. रांग खाडीच्या पुलापर्यंत गेली होती. चालक गाडीखालच्या सावलीत आडवे झाले होते. एकाने तर कांदा चिरायला घेतला होता. पास येईपर्यंत पडद्यावर गोल गोल फिरत राहणारं चाक तिने विनेशच्या खांद्यावरून बघितलं होतं. ती माझ्यासमोर बसली आणि भिंतीवरच्या हिरव्या पडद्याकडे तिने असं पाहिलं, जसं आपण खोटं बोलून पकडल्या गेलेल्या मित्राकडे बघतो. मला लाज वाटली.

तिने मला काय अडवून बसलंय ते शोधलं. हर्षद सरांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही, ते बैठकीत होते. पुन्हा लावला. घड्याळात बारा चाळीस झाले होते. दारात सोनाबाई उभ्या होत्या, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले.

"मावशी, तुम्ही गाडीजवळ जा," सुचिता म्हणाली. "पास येतोय."

आणि तिने हर्षद सरांचा अहवाल थांबवला. त्यापाठोपाठ स्वागतकक्षातला टीव्हीही.

मित्रांनो, छातीवरचं ओझं कोणी उचलून घ्यावं तसं मला झालं! गेटचे प्रश्न एकामागून एक आत आले आणि मी उत्तरं देत सुटलो. सोनाबाईंची गाडी एक वाजून पाच मिनिटांनी गेटबाहेर पडली. एक बावन्नला ती बंदरात शिरल्याची नोंद माझ्याकडे आली. ती वाचून सुचिता खुर्चीतून उठली आणि एकटीच टाळ्या वाजवू लागली. गेटवर सोनाबाईंनी विनेशचे दोन्ही गाल धरले आणि कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली म्हणे. तो दिवसभर लाजत होता.

संध्याकाळी हर्षद सर आले. चेहरा लालबुंद.

"माझा अहवाल कोणी थांबवला?"

"मी, सर."

"संचालकांसमोर माझ्या पडद्यावर नुसतं गोल चाक फिरत होतं. कळतंय का तुला?"

"कळतंय, सर. गेटवर तेच चाक रोज फिरतं." सुचिता म्हणाली. "उद्या सकाळी एक तास माझ्याबरोबर गेटवर उभे राहाल? त्यानंतर तुम्ही म्हणाल ते मला मान्य."

हर्षद सर तापट असले तरी खोटे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते खरंच गेले. तासाभराने येऊन ते माझ्या खोलीत उभ्याउभ्या बाटलीभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मला वाटायचं, हे यंत्र माझ्या टेबलासाठी आहे."

त्या आठवड्यात माझ्या खोलीत गंमतच झाली. आजवर जिथे सुचिताशिवाय कोणी फिरकत नसे, तिथे गेटवाले, क्रेनवाले, थंड कंटेनरांची देखभाल करणारे, सगळे कुडकुडत गोळा झाले. सुचिताने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुमचं उत्तर उशिरा आलं, तर कोणाचं काय अडतं?" क्रेनवाले आणि गेटवाले हमरीतुमरीवर आले.

"आम्ही कंटेनर काढून दिला नाही, तर तुम्ही पास काय हवेला देणार?" क्रेनवाले म्हणाले.

थंड कंटेनरांचा माणूस मात्र शांतपणे एवढंच म्हणाला, "आमचं तापमान चढलेलं अर्धा तास कळलं नाही, तर आतला माल फेकावा लागतो." पहिला मान त्याला मिळाला. मग क्रेन आणि गेट. वर्षाचे अहवाल पहाटे, गेट उघडण्याआधी. हे हर्षद सरांनी स्वतःच सुचवलं. टीव्हीचा आकडा तासातून एकदा.

सुचिताने मग महिनाभर माझ्या कोठारात गेटच्या प्रश्नांसाठी नव्या सूची तयार केल्या, पुस्तकाच्या शेवटी असतात तशा, म्हणजे पानं चाळत न बसता थेट हव्या त्या पानावर जाता यावं. भिंतीवरचा पडदाही तिने बदलला. आता त्यावर माझी नाडी एका कोपऱ्यात होती आणि मधोमध मोठ्या अक्षरांत होतं, गेटवर किती गाड्या थांबल्या आहेत. पहिल्या दिवशी सत्तावीस. पंधरवड्याने नऊ. एका शुक्रवारी शून्य! विनेशने खालून फोन करून विचारलं, "मॅडम, आज सुट्टी आहे का?"

आणि गंमत ऐका. टीव्हीच्या हजारो चुटक्या गेल्यामुळे कागदावर माझ्या उत्तराला लागणारा सरासरी वेळ चक्क दुप्पट झाला. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं, यंत्राची कामगिरी इतकी का घसरली, याचा खुलासा करावा. सुचिताचा चेहरा उतरला. हर्षद सरांनी ते पत्र तिच्या हातातून घेतलं आणि तिच्याच टेबलावर बसून उत्तर लिहिलं. त्यात दोनच वाक्यं होती. "रांग संपली आहे. येऊन बघा."

मुख्य कार्यालयाची माणसं आली. गेटवर उभे राहिले. जाताना त्यांनी सुचिताला विचारलं, "हे आमच्या बाकीच्या डेपोंना शिकवशील का?"

जानेवारीत मुरुडहून एक पुडकं आलं. आत सुकी कोळंबी आणि चिठ्ठी, दुसरा कंटेनर भरतोय. ते पुडकं दिवसभर माझ्या खोलीत राहिलं आणि माझ्या पंख्यांनी तो वास आठवडाभर सगळ्या मजल्यावर फिरवला. कोणी तक्रार केली नाही.

पुढे मी थकलो. नवं, माझ्याहून दसपट चपळ यंत्र आलं. माझ्या तारा निघाल्या आणि मी जिन्याखाली पडून राहिलो. तो पोचा तेव्हाचाच. तीन महिने अंगावर धूळ साचत होती, कोणी माझ्यावर रिकामे खोके ठेवायचं. दुःख झालं, खोटं कशाला बोलू? मग एके दिवशी सुचिताने रीतसर अर्ज करून मला मागून घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हसळ्याच्या एका कॉलेजात आणून ठेवलं. शनिवारी ती इथल्या मुलांना शिकवायला येते.

या मुलांनी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत कोणतं औषध किती आहे, याची नोंद माझ्या पोटात भरायला घेतली आहे. परवा सुचिताने विचारलं, "यातलं आधी काय वेगवान करायचं?" कोणी म्हणालं रंगीत तक्ते, कोणी म्हणालं महिन्याची बेरीज. मागच्या बाकावरची आरोही उठली. ती शेतकऱ्याच्या घरातली, फारशी न बोलणारी.

"मॅडम, सापाची लस कुठल्या केंद्रात आहे, हे आधी," ती म्हणाली. "बाकीचं थांबलं तरी चालेल. कापणीत माझ्या काकांना साप चावला होता. दोन केंद्रं फिरलो आम्ही. वाचले ते, पण..."

सुचिताने खुर्ची मागे सरकवून आरोहीला माझ्यासमोर बसवलं. मुलांनी भोवती गर्दी केली. माझ्यापाशी आता जुनी ताकद नाही, म्हणून त्या दुपारी सगळ्यांनी मिळून माझ्या पोटातली बाकीची कामं बाजूला सारली आणि त्या एका प्रश्नासाठी सरळ वाट मोकळी केली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा. आमच्यावरची धूळ पुसा, आम्हाला उन्हातान्हात टाकू नका. पण तेवढ्याने जपणं पुरं होत नाही. अधूनमधून खुर्चीतून उठा, जिना उतरा आणि आमच्या उत्तरासाठी कोण ताटकळलंय ते बघून या. त्याला पुढे घ्या.

आरोहीने कळ दाबली. तिने श्वास सोडायच्या आत मी गावाचं नाव सांगितलं.